ताऱ्याच्या गाभ्यातले तेरा सेकंद

एखादा जड तारा आयुष्याच्या अखेरीस कोसळतो, तेव्हा सुटणाऱ्या ऊर्जेतला सुमारे ९९ टक्के वाटा न्यूट्रिनो घेऊन जातात. उरलेला जवळजवळ सगळा एक टक्का ताऱ्याची बाहेरची आवरणे अवकाशात भिरकावण्यात खर्ची पडतो. काही आठवडे एका अख्ख्या दीर्घिकेशी स्पर्धा करणारा जो प्रकाश दुर्बिणींतून दिसतो, तो या हिशेबात दहा हजारांतला जेमतेम एक भाग भरतो. सुपरनोव्हाच्या नोंदी माणसाने शतकानुशतके लिहून ठेवल्या त्या या चिल्लरीच्या. मुख्य रकमेची पहिली आणि आजवरची एकमेव नोंद २३ फेब्रुवारी १९८७ रोजी झाली, आणि तिच्यात जेमतेम दोन डझन कण आहेत.

न्यूट्रिनो हा विद्युतभार नसलेला, अत्यल्प वस्तुमानाचा मूलकण आहे. किरणोत्सर्गी बीटा ऱ्हासात ऊर्जेचा ताळमेळ लागत नव्हता. तो लावण्यासाठी वोल्फगांग पाउली यांनी १९३० मध्ये या कणाची कल्पना मांडली. प्रत्यक्षात तो सापडला १९५६ मध्ये, अमेरिकेतील सव्हाना रिव्हर अणुभट्टीशेजारी, फ्रेडरिक राइनस आणि क्लाइड कोवन यांच्या प्रयोगात. त्याचे इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि टाउ असे तीन प्रकार आहेत आणि प्रत्येकाला जोडीचा प्रतिन्यूट्रिनो आहे. प्रबल बल आणि विद्युतचुंबकीय बल त्याच्यावर चालत नाहीत. उरते ते क्षीण बल, आणि त्याचा पल्ला अणुकेंद्रकाच्या आकाराहूनही कितीतरी तोकडा असतो. त्यामुळे न्यूट्रिनोची कशाशी गाठ पडलीच तर तो अपवाद. सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो पृथ्वीवरच्या दर चौरस सेंटिमीटरमधून दर सेकंदाला सुमारे साडेसहा हजार कोटी इतक्या संख्येने जातात. रात्री ते अख्खी पृथ्वी भेदून पायांखालून वर येतात, आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

हा अलिप्तपणाच खगोलशास्त्राच्या कामी येतो. सूर्याच्या केंद्रात तयार झालेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने पृष्ठभागावर यायला हजारो वर्षे लागतात. वाटेत ती असंख्य वेळा शोषली जाते, पुन्हा सोडली जाते, आणि बाहेर पडताना तिच्यावर केंद्राची कसलीच खूण उरत नाही. प्रकाश सांगतो ते पृष्ठभागाबद्दल. न्यूट्रिनो तेच अंतर दोन-अडीच सेकंदांत कापतो आणि जिथे जन्मला तिथल्या परिस्थितीची ऊर्जा सोबत आणतो. कोसळणाऱ्या ताऱ्याच्या गाभ्यातली घडामोड थेट कळवू शकणारे दुसरे साधन म्हणजे गुरुत्वीय लहरी; पण अशा ताऱ्याकडून आलेली गुरुत्वीय लहर अजून कोणत्याही यंत्राच्या हाती लागलेली नाही.

सूर्याच्या सुमारे आठपटींहून जड असलेले तारे या मार्गाने संपतात. त्यांच्या गाभ्यात आधी हायड्रोजनचे संमीलन होऊन हेलियम बनतो, मग हेलियमपासून कार्बन आणि ऑक्सिजन, पुढे निऑन, सिलिकॉन असे करत शेवटी लोह. प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा आखूड असतो. सूर्याच्या पंचवीसपट वस्तुमानाच्या ताऱ्यात ढोबळमानाने हायड्रोजन ७० लाख वर्षे पुरतो, हेलियम पाच-सात लाख वर्षे, कार्बन ६०० वर्षे, निऑन एक वर्ष, ऑक्सिजन सहा महिने, आणि सिलिकॉन अवघा एखादा दिवस.

ही घाई न्यूट्रिनोंमुळे होते. कार्बन जळू लागतो तेव्हा गाभ्याचे तापमान इतके चढलेले असते की किरणांतून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या जोड्या तयार होतात. या जोड्यांतले कण एकमेकांत विलीन होताना बहुतेकदा पुन्हा किरणच निघतात, पण क्वचित न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो निघतात, आणि ते थेट ताऱ्याबाहेर जातात. ऊर्जेची ही गळती तापमानाबरोबर भयंकर वेगाने वाढते, आणि ती भरून काढण्यासाठी गाभ्याला इंधन अधिकाधिक झपाट्याने जाळावे लागते. बाहेरच्या आवरणांना मात्र इतक्या कमी अवधीत याची दखलही घेता येत नाही. दुर्बिणीतून तारा होता तसाच दिसत राहतो. अशा गळतीची एक प्रक्रिया जॉर्ज गॅमो आणि मारिओ शोनबर्ग यांनी १९४१ मध्ये सुचवली आणि तिला रिओ दी जानेरोतील उर्का या जुगारघराचे नाव दिले. तिथे खेळणाऱ्यांचे पैसे ज्या वेगाने नाहीसे होत, त्या वेगाने ताऱ्याची ऊर्जा जाते, असा त्यांचा विनोद होता. तो ग्रंथांत कायम राहिला.

लोहापाशी हा क्रम थांबतो, कारण लोहाच्या पुढच्या संमीलनातून ऊर्जा मिळत नाही, उलट घालावी लागते. ज्वलन बंद पडलेला लोहाचा गाभा आता फक्त इलेक्ट्रॉनांच्या पुंजयांत्रिकी दाबावर तोललेला असतो. हा दाब किती वजन पेलू शकतो याची मर्यादा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी दाखवली. १९३० च्या पावसाळ्यात मुंबईहून बोटीने उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला निघालेल्या एकोणीस वर्षांच्या चंद्रशेखरांनी त्या प्रवासातच या गणिताला हात घातला होता. आज ही मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट धरली जाते. सिलिकॉनच्या ज्वलनातून गाभ्यावर लोहाची भर पडत राहते, आणि ती मर्यादा आली की गाभा स्वतःच्या वजनाने आत कोसळतो.

पृथ्वीएवढ्या आकाराचा हा गोळा सेकंदाच्या काही दशांश भागात काही दशक किलोमीटरवर येतो. कोसळणाऱ्या पदार्थाचा वेग प्रकाशवेगाच्या चौथ्या हिश्शापर्यंत जातो. प्रखर किरण लोहाच्या केंद्रकांचे तुकडे करतात आणि त्यात उष्णता खर्च होते; शिवाय दाबाखाली इलेक्ट्रॉन प्रोटॉनांत शिरून न्यूट्रॉन तयार होतात आणि दर वेळी एक न्यूट्रिनो बाहेर पडतो. म्हणजे जे इलेक्ट्रॉन गाभ्याला तोलून धरत होते, त्यांचीच संख्या घटत जाते आणि कोसळणे आणखी वेग घेते.

आणि इथे एक विलक्षण गोष्ट घडते. घनता एका घनसेंटिमीटरला दहा लाख टनांच्या आसपास पोहोचली की न्यूट्रिनोही अडकतात. प्रकाशवर्षभर जाडीचे शिसेही ज्या कणाला धड अडवू शकत नाही, तो कण इथे काही किलोमीटरच्या पदार्थात कोंडला जातो, सतत ठेचकाळत राहतो आणि फार सावकाश बाहेर झिरपतो. विश्वात न्यूट्रिनो असा अडवला जाण्याची ठिकाणे फार थोडी आहेत. पुढची सगळी कथा या अडकण्यावर उभी आहे.

घनता अणुकेंद्रकातल्या घनतेएवढी झाली, म्हणजे घनसेंटिमीटरला सुमारे २७ कोटी टनांच्या पुढे गेली, की केंद्रकीय बल आणखी दाबले जायला नकार देते. आतला भाग एकदम ताठर होतो, त्यावर वरून येणारा पदार्थ आदळून उसळतो आणि एक आघात-तरंग बाहेरच्या दिशेने निघतो. हाच तरंग ताऱ्याच्या चिंधड्या करीत असेल असे पूर्वी वाटे. पण वाटेत लोहाची केंद्रके फोडण्यातच त्याची शक्ती संपते आणि केंद्रापासून शे-दीडशे किलोमीटरवर तो जागीच अडतो. वरून पदार्थ कोसळतच असतो. तरंगाला पुन्हा चालना मिळाली नाही तर ताऱ्याचा स्फोट होणार नाही, सगळे आतच जाईल आणि कृष्णविवर बनेल.

ती चालना न्यूट्रिनो देत असावेत, अशी कल्पना स्टर्लिंग कोलगेट आणि रिचर्ड व्हाइट यांनी १९६६ मध्ये मांडली. अडलेल्या तरंगामुळे उशिराने स्फोट कसा होतो हे हान्स बेथे आणि जेम्स विल्सन यांनी १९८५ मध्ये दाखवले. आतल्या नवजात न्यूट्रॉन ताऱ्यातून झिरपणाऱ्या न्यूट्रिनोंपैकी अगदी थोडे टक्के जरी तरंगामागच्या वायूत शोषले गेले, तरी तो वायू तापून उकळू लागतो आणि तरंगाला बाहेर ढकलतो. संगणकावर हे घडवून आणणे मात्र जिकिरीचे ठरले. तारा अगदी गोलाकार मानून केलेल्या गणितांत बहुतेक ताऱ्यांचा स्फोट होतच नसे. त्रिमितीत, उकळणाऱ्या वायूची घुसळण आणि तरंगाचे डोलणे धरून केलेल्या अलीकडच्या गणितांत तो होऊ लागला आहे. पण कोणता तारा फुटेल आणि कोणता निमूटपणे कृष्णविवर होईल, यावर वेगवेगळ्या गटांची गणिते अजून एकमेकांशी पुरती जुळत नाहीत.

या सगळ्या काळात बाहेर पडणाऱ्या न्यूट्रिनोंची तीन पर्वे ठरतात. आघात-तरंग दाट थरांतून बाहेर सरकतो त्या क्षणी इलेक्ट्रॉन न्यूट्रिनोंचा एक तीव्र झोत सुटतो. तो सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढाच टिकतो. त्यानंतर काही दशांश सेकंद तरंग अडलेला असतो आणि वरून पडणाऱ्या पदार्थाच्या ऊर्जेतून सर्व प्रकारचे न्यूट्रिनो निघतात. स्फोट मार्गी लागला की नवजात न्यूट्रॉन तारा निवू लागतो, आणि हे निवणे दहा-बारा सेकंद चालते. एकूण बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे तीनावर ४६ शून्ये इतके जूल, म्हणजे सूर्य आपल्या हजार कोटी वर्षांच्या आयुष्यात देईल त्याच्या दोनशे पटींहून जास्त. न्यूट्रिनोंची संख्या एकावर ५८ शून्ये. ही ऊर्जा येते गुरुत्वाकर्षणातून: दीड सूर्याएवढा पदार्थ दहा-बारा किलोमीटर त्रिज्येच्या गोळ्यात मावला, की तेवढी ऊर्जा सोडावीच लागते.

हे चित्र १९८७ पर्यंत कागदावर होते. ते पडताळण्याची संधी ज्या यंत्रांना मिळाली, ती मुख्यतः या कामासाठी बांधलेली नव्हती. जपानमधील गिफू प्रांतातल्या कामिओका खाणीत, जमिनीखाली एक किलोमीटरवर, ३,००० टन शुद्ध पाण्याची टाकी होती. तिच्या भिंतींवर अर्ध्या मीटर व्यासाच्या सुमारे हजार प्रकाशसंवेदी नलिका बसवल्या होत्या. मासातोशी कोशिबा यांच्या नेतृत्वाखाली बांधलेल्या या कामिओकांडे प्रयोगाचा मूळ हेतू प्रोटॉनचा ऱ्हास होतो का हे बघण्याचा होता. तो काही दिसला नाही. मग सूर्याचे न्यूट्रिनो टिपता यावेत म्हणून यंत्रात सुधारणा केली गेली, पाण्यातला रेडॉन कमी केला गेला, आणि सुधारलेले यंत्र १९८७ च्या सुरुवातीला नीट चालू लागले. प्रोटॉनचा ऱ्हास शोधण्याच्याच हेतूने अमेरिकेत ओहायो राज्यात, ईरी सरोवराकाठच्या एका मिठाच्या खाणीत आयएमबी नावाची आणखी मोठी पाण्याची टाकी होती. कॉकेशस पर्वतात बक्सान इथे सोव्हिएत शास्त्रज्ञांचे द्रव-चमकीवर, म्हणजे कण आदळला की चमकणाऱ्या द्रवावर, चालणारे यंत्र होते.

खाणींत न्यूट्रिनो शोधण्याच्या या प्रथेला भारतातही मोठा इतिहास आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानमधील ओसाका आणि इंग्लंडमधील डरहॅम इथल्या गटांबरोबर कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर केलेल्या प्रयोगात, वैश्विक किरणांमुळे वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो १९६५ मध्ये टिपले गेले. तशी पहिली नोंद करणाऱ्या दोन प्रयोगांपैकी तो एक. दुसरा दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीतला.

पाण्याच्या टाकीत न्यूट्रिनो दिसतो तो असा. प्रतिन्यूट्रिनो पाण्यातल्या हायड्रोजनच्या प्रोटॉनवर आदळला, तर प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो आणि एक पॉझिट्रॉन सुटतो. हा पॉझिट्रॉन पाण्यात प्रकाशापेक्षा वेगाने धावतो, कारण पाण्यात प्रकाशाचा वेग पाऊण पटीवर आलेला असतो. अशा वेळी निळसर चेरेन्कॉव्ह प्रकाशाचा एक शंकू पडतो आणि भिंतीवरच्या नलिकांत वलय उमटते. वलयाची जागा, वेळ आणि तेज यांवरून कणाची ऊर्जा निघते.

२३ फेब्रुवारी १९८७ रोजी आंतरराष्ट्रीय वेळेनुसार सकाळी ७ वाजून ३५ मिनिटांनी, म्हणजे भारतात दुपारी एक वाजून पाच मिनिटे झालेली असताना, कामिओकांडेमध्ये सुमारे १३ सेकंदांत ११ कण नोंदले गेले. आयएमबीमध्ये सहा सेकंदांत आठ, बक्सानमध्ये पाच. बेरीज चोवीस. कामिओकांडेच्या टाकीतून त्या वेळी एकावर सोळा शून्यांच्या घरात प्रतिन्यूट्रिनो पार झाले होते. त्यातले अकरा थांबले. तारा आकाशात इतका दक्षिणेला होता की तिन्ही प्रयोगशाळांत तो क्षितिजाखाली होता. हे कण पृथ्वीच्या पोटातून खालून वर आले. आयएमबीमधल्या चतुर्थांश नलिका वीजपुरवठ्यातल्या बिघाडाने त्या दिवशी बंद होत्या, आणि कामिओकांडेच्या घड्याळात मिनिटभराची अनिश्चितता होती. आल्प्समधील माँ ब्लाँ बोगद्यातल्या यंत्रानेही पाच संकेत नोंदवले, पण ते साडेचार तासांहून आधीचे, आणि त्या वेळी इतर यंत्रांत काहीच नाही. बहुतेक शास्त्रज्ञ ते हिशेबात धरत नाहीत.

त्या क्षणी यातले कुणालाच काही कळले नाही. सुमारे तीन तासांनी ऑस्ट्रेलियात घेतलेल्या छायाचित्रांत तारा उजळलेला आढळला, पण तोही नंतर पाहताना. चिलीतील लास कम्पानास वेधशाळेत इयन शेल्टन यांनी रात्री घेतलेल्या काचपट्टीवर मोठ्या मॅजेलॅनिक मेघात एक नवा तेजस्वी ठिपका दिसला. तिथलेच ऑस्कर दुहाल्दे यांना तो नुसत्या डोळ्यांनी दिसला होता. न्यूझीलंडमध्ये आल्बर्ट जोन्स यांनीही स्वतंत्रपणे तो टिपला. बातमी फिरली, तेव्हा जपानमध्ये आधीच्या दिवसांच्या चुंबकीय फिती काढून तपासल्या गेल्या आणि तो संकेत सापडला. कोशिबा त्यानंतर महिन्याभरात टोकियो विद्यापीठातून निवृत्त झाले. २००२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना रेमंड डेव्हिस आणि रिकार्दो जाकोनी यांच्यासह मिळाले.

स्फोट झालेला तारा कोणता हे जुन्या छायाचित्रांवरून ठरले: सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षे दूर असलेला, सूर्याच्या अंदाजे वीसपट जड, सँडुलीक -६९ २०२ नावाचा निळा महाराक्षसी तारा. असे तारे फुटताना तांबडे असतात अशी तोवरची समजूत होती. तो निळा, म्हणजे आकाराने तुलनेने लहान होता. म्हणून आघात-तरंगाला गाभ्यापासून पृष्ठभागापर्यंत यायला दोन-तीन तासच लागले. तांबड्या महाराक्षसी ताऱ्यात त्याला दिवसभर लागू शकतो. न्यूट्रिनो प्रकाशाच्या आधी आले ते या कारणाने: ते गाभ्यातून लगेच निघाले, प्रकाश मात्र तरंग बाहेर येईपर्यंत अडकून पडला.

या चोवीस कणांतून जे निघाले ते त्यांच्या संख्येच्या मानाने थक्क करणारे आहे. कणांच्या ऊर्जेवरून ते जिथून सुटले त्या थराचे तापमान सुमारे पाच हजार कोटी अंश ठरले. मोजलेल्या प्रतिन्यूट्रिनोंची ऊर्जा सहाही प्रकारांत सारखी वाटली गेली असे धरले, तर एकूण ऊर्जा न्यूट्रॉन तारा बनताना जेवढी सुटायला हवी नेमकी तेवढी भरली. न्यूट्रिनो मोकळे सुटले असते तर सगळा संकेत एका सेकंदाच्या अल्पांश भागात संपला असता; तो दहा-बारा सेकंद टिकला, यावरून ते खरोखर अडकले होते आणि झिरपत बाहेर आले हे दिसले. सुपरनोव्हातून न्यूट्रॉन तारे जन्मत असावेत, असे वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३४ मध्ये म्हटले होते. त्याला हा गाभ्यातूनच आलेला पहिला पुरावा होता.

संकेत किती काळ टिकला याचा आणखी एक उपयोग झाला, आणि कणभौतिकीत तोच कदाचित सर्वांत टिकाऊ ठरला आहे. ॲक्सियनसारखे अजून न सापडलेले हलके कण अस्तित्वात असतील आणि पदार्थाशी ठरावीक प्रमाणात संबंध ठेवत असतील, तर त्यांनीही गाभ्यातून ऊर्जा पळवली असती आणि न्यूट्रिनोंचा झोत लवकर आटला असता. तो आटला नाही. त्यामुळे अशा कणांना कोणते गुणधर्म असू शकत नाहीत याची मोठी यादी तयार झाली. नवा हलका कण सुचवणाऱ्या प्रत्येकाला आजही १९८७ च्या या परीक्षेतून जावे लागते.

न्यूट्रिनोला वस्तुमान असेल तर कमी ऊर्जेचे न्यूट्रिनो थोडे मागे पडतील आणि लांबच्या प्रवासात हा फरक वाढत जाईल. इथे सगळे कण १३ सेकंदांत आले, म्हणून इलेक्ट्रॉन न्यूट्रिनोचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या पंचवीस हजाराव्या भागाच्या आसपासच किंवा त्याहून कमी असले पाहिजे असे निघाले. जर्मनीतील कार्ल्सरूहच्या काट्रिन प्रयोगाने ही मर्यादा आता कितीतरी खाली आणली आहे, तरी त्या काळी ती प्रयोगशाळेतल्या मोजमापांच्या तोडीची होती. दोन लाख वर्षांच्या आतबाहेरच्या प्रवासात प्रकाश आणि न्यूट्रिनो यांच्यात काही तासांचाच फरक पडला, म्हणजे दोघांचे वेग शंभर कोटींत दोन भागांपर्यंत सारखे. हा आकडा २०११ मध्ये उपयोगी पडला. युरोपातील ऑपेरा प्रयोगात न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा वेगाने गेल्याचे दिसले, तेव्हा अनेकांनी लगेच दाखवून दिले की तसे असते तर मॅजेलॅनिक मेघातले न्यूट्रिनो प्रकाशाच्या सुमारे चार वर्षे आधी आले असते. पुढे ऑपेराच्या यंत्रणेत प्रकाशतंतूची एक जोडणी सैल असल्याचे आढळले. आकाशगंगेच्या गुरुत्वाकर्षणाने प्रकाशाला आणि न्यूट्रिनोंना वाटेत काही महिन्यांचा विलंब होतो. तोही दोघांना सारखाच झाला, म्हणजे गुरुत्वाकर्षण दोघांना एकाच मापाने वागवते, हेही या नोंदीतून तपासता आले.

मागे राहिलेला न्यूट्रॉन तारा मात्र कित्येक दशके दिसला नाही. तिथे धुळीचे दाट आवरण होते, आणि तारा पुढे कृष्णविवरात कोसळला असावा अशीही शंका होती. २०२४ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांत अवशेषाच्या केंद्राशी आयनीभूत अर्गॉन आणि गंधकाच्या रेषा आढळल्या. त्यांचे सर्वांत सरळ स्पष्टीकरण म्हणजे आत बसलेला तप्त न्यूट्रॉन तारा.

चोवीस कणांनी ठळक चित्र पक्के केले, बारकावे नाही. ते जवळजवळ सगळे प्रतिन्यूट्रिनो होते. सुरुवातीचा इलेक्ट्रॉन न्यूट्रिनोंचा झोत दिसला नाही, आणि स्फोट न्यूट्रिनोंच्या उष्णतेनेच होतो का, याचा थेट निवाडा झाला नाही. कामिओकांडेमधल्या सुरुवातीच्या काही आणि शेवटच्या काही कणांमध्ये सात सेकंदांची एक पोकळी आहे. तिच्यावरून पुष्कळ तर्क लढवले गेले, पण इतक्या थोड्या कणांत अशी पोकळी योगायोगानेही पडू शकते.

आपल्या आकाशगंगेत असे तारे शतकात एक ते तीन या प्रमाणात कोसळत असावेत. पुढचा कोसळेल तेव्हा यंत्रे वेगळी असतील. कामिओकातच १९९६ पासून चालू असलेल्या सुपर-कामिओकांडेमध्ये ५०,००० टन पाणी आहे. आकाशगंगेच्या केंद्राजवळ तारा फुटला तर तिथे काही हजार कण नोंदले जातील. दक्षिण ध्रुवावरच्या बर्फात एक घनकिलोमीटर व्यापणारे आइसक्यूब एकेक कण वेगळा पाहू शकणार नाही, पण त्याच्या पाच हजारांहून अधिक संवेदकांची पार्श्वभूमी एकदम उजळेल. अडलेल्या तरंगाचे डोलणे त्या उजेडाच्या चढउतारांत दिसू शकते, आणि मध्येच कृष्णविवर बनले तर संकेत कापल्यासारखा थांबेल. चीनमध्ये जिआंगमेनजवळ २०,००० टन द्रव-चमकीचे जुनो २०२५ मध्ये सुरू झाले. अमेरिकेत साउथ डाकोटातील खाणीत द्रवरूप अर्गॉनचा ड्यून प्रयोग उभा राहत आहे. अर्गॉन प्रतिन्यूट्रिनोंऐवजी इलेक्ट्रॉन न्यूट्रिनोंना अधिक संवेदनशील असल्याने तो सुरुवातीचा झोत तिथे दिसण्याची आशा आहे.

न्यूट्रिनो प्रकाशाच्या आधी येतात याचा व्यावहारिक फायदा घेणारी स्न्यूज ही जागतिक इशारा यंत्रणा २००५ पासून चालू आहे. अनेक प्रयोगशाळांत एकाच वेळी संकेत आला की खगोलशास्त्रज्ञांना आपोआप सूचना जाते, आणि पाण्यातल्या इलेक्ट्रॉनांवर आदळलेल्या न्यूट्रिनोंच्या दिशेवरून आकाशातला काही अंशांचा भागही दाखवता येतो. आकाशगंगेच्या केंद्राकडचा तारा धुळीमागे दडलेला असेल, तर न्यूट्रिनो हीच त्याच्या मरणाची पहिली बातमी असेल. तारा मृग तारकासमूहातल्या काक्षीइतका, म्हणजे बेटलज्यूसइतका जवळ असेल, तर सिलिकॉन जळताना निघणारे न्यूट्रिनोही पकडता येतील आणि कोसळण्याच्या काही तास आधी चाहूल लागेल.

न्यूट्रिनो प्रवासात एका प्रकारातून दुसऱ्यात बदलतात, हे सुपर-कामिओकांडे आणि कॅनडातील सडबरी इथल्या प्रयोगांनी सिद्ध केले आणि त्याबद्दल २०१५ चे नोबेल दिले गेले. ताऱ्याच्या थरांतून बाहेर पडताना हे रूपांतर कसे होईल आणि त्यावरून तिन्ही न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांचा क्रम कसा ओळखता येईल, याचे पायाभूत विवेचन अमोल दिघे आणि अलेक्सेई स्मिर्नोव्ह यांनी २००० मध्ये केले. दिघे पुढे मुंबईच्या टाटा संस्थेत आले, आणि गाभ्याजवळ न्यूट्रिनोंची दाटी इतकी असते की ते एकमेकांच्या प्रभावाने सामूहिकपणे रूप बदलतात, या अवघड विषयावर तिथे बरेच काम झाले आहे. यातले खरे-खोटे पुढच्या ताऱ्याशिवाय ठरणार नाही.

वाट न बघता करण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे. दृश्य विश्वात कुठे ना कुठे दर सेकंदाला एखादा तरी जड तारा कोसळत असतो. आजवर कोसळलेल्या सगळ्या ताऱ्यांचे न्यूट्रिनो विश्वात पसरलेले आहेत आणि ते दर चौरस सेंटिमीटरमधून दर सेकंदाला काही डझनांच्या संख्येने जातात. सूर्याच्या आणि वातावरणातल्या न्यूट्रिनोंच्या गर्दीत ते वेगळे काढण्यासाठी जॉन बीकम आणि मार्क वेगिन्स यांनी पाण्यात गॅडोलिनियम मिसळण्याची युक्ती सुचवली. प्रतिन्यूट्रिनोच्या आदळण्यातून सुटलेला न्यूट्रॉन गॅडोलिनियम पकडतो आणि गॅमा किरणांची ठळक खूण सोडतो. सुपर-कामिओकांडेच्या पाण्यात २०२० मध्ये गॅडोलिनियम मिसळले गेले, २०२२ मध्ये त्याचे प्रमाण वाढवले गेले. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत अपेक्षित पार्श्वभूमीपेक्षा थोडे अधिक संकेत दिसले, पण ते शोध म्हणावा इतके नाहीत. त्या संकेतांचा निकाल जुनोच्या आणि कामिओकाजवळ बांधल्या जाणाऱ्या, सुपर-कामिओकांडेच्या पाचपट मोठ्या हायपर-कामिओकांडेच्या मोजमापांतून लागेल.